लाईम रेजिसची मेरी अ‍ॅनिंग

विद्यार्थी मित्रांनो, घरच्या गरिबीमुळे शाळा सुटली म्हणजे शिक्षण संपले, असे तुम्हांस वाटते काय? मग मेरी अ‍ॅनिंगचे चरित्र अवश्य वाचा.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाईम रेजिस गावी २१ मे १७९९ रोजी एका सुताराच्या घरी तिचा जन्म झाला. १८१० साली वडील वारले. मागे उरले कर्ज. चर्चच्या रविवारच्या शाळेत ती लिहावाचावयास शिकली, एवढेच तिचे शालेय शिक्षण.

गावालगतच्या कड्यांत प्राचीन प्राण्यांचे दगड बनलेले अवशेष, म्हणजे जीवाश्म, सापडत. ते प्रवाशांना विकून हे कुटुंब गुजराण करी. हिवाळी वादळांत दरडी कोसळून नवे जीवाश्म उघडे पडत. लाटांनी ते वाहून नेण्यापूर्वी वेचावे लागत. १८३३ साली अशाच एका दरडीखाली मेरीचा लाडका कुत्रा गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात बचावली.

१८११ साली भाऊ जोसेफला एक प्रचंड कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. तो इक्थिओसॉर या नामशेष सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा होता. १८२३ साली तिला लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा संपूर्ण सांगाडा मिळाला. पॅरिसचे थोर शास्त्रज्ञ क्युव्हिए यांना तो बनावट वाटला. पण अखेर त्यांना आपली चूक मान्य करावी लागली.

हे केवळ नशीब नव्हते, मित्रांनो! विद्वानांचे निबंध मिळवून ती आकृत्यांसह हाताने उतरवून घेई. हाडांची रचना समजावी म्हणून मासे कापून पाही.

परंतु १८२४ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत प्लेसिओसॉरवर निबंध वाचला गेला, तेव्हा मेरी तेथे नव्हती. स्त्रियांना तेथे प्रवेशच नव्हता. शोध तिचा, निबंधावर नाव दुसऱ्याचे! त्या संस्थेने स्त्रियांना सभासदत्व दिले ते १९१९ साली. मेरी तर ९ मार्च १८४७ रोजीच कर्करोगाने निवर्तली होती. २०१० साली रॉयल सोसायटीने विज्ञानावर प्रभाव पाडणाऱ्या दहा ब्रिटिश स्त्रियांत तिची गणना केली.

पालकहो, इल्म हासिल करणे आपल्या दीनने फर्ज ठरविले आहे. मेरीपुढे दार बंद करणारे परके होते. आपल्या मुलीपुढे ते दार आपल्याच हाताने बंद होत नाही ना, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.