शॅस्टावरील रात्र

डोंगर म्हटला की आम्हां खेड्यातल्या मुलांना गुरे आणि सरपण आठवते. नुसते चालण्यासाठी कोणी डोंगरावर जात असेल, हे कॉलेजच्या ग्रंथालयात जॉन म्यूरचे चरित्र हाती पडेपर्यंत मला खरे वाटले नव्हते.

म्यूरचा जन्म १८३८ साली स्कॉटलंडमधील डनबार येथे झाला. १८४९ मध्ये वडिलांनी अमेरिकेत विस्कॉन्सिनला येऊन जंगल तोडून शेती सुरू केली. वडील फार कडक. रात्री वाचायला मनाई, पण पहाटे हवे तितक्या लवकर उठायला मोकळीक. मग हा मुलगा रात्री एक वाजताच उठून वाचू लागला, तळघरात लाकडी घड्याळे बनवू लागला. त्या यंत्रांमुळेच पुढे त्याला विद्यापीठाची वाट सापडली. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून हा भाग मी दोनदा वाचला.

पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले. १८६७ मध्ये कारखान्यात काम करताना कानशीचे टोक त्याच्या उजव्या डोळ्यात घुसले. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढल्यावर दृष्टी परत आली, तेव्हा उरलेले आयुष्य सृष्टी पाहण्यात घालवायचे त्याने ठरवले.

३० एप्रिल १८७५ चा दिवस. कॅलिफोर्नियात खाली वसंत फुलला होता, पण चौदा हजार फुटांहून उंच शॅस्टा पर्वतावर बर्फ तसेच होते. हवेच्या दाबाच्या नोंदी घेण्यासाठी म्यूर आणि जेरोम फे शिखरावर गेले. दुपारी ढग दाटले. फेला उतरायची घाई होती. म्यूरने तीनच्या नोंदीसाठी थांबण्याचा हट्ट धरला. नोंद झाली आणि गारा, बर्फ, विजा यांनी दोघांना गाठले.

उतरायचे तर डोंगराच्या उघड्या धारेवरून, आणि तेथे वाऱ्यापुढे उभे राहणे कठीण. आपण पार होऊ, असे म्यूरला वाटत होते. फेने साफ नकार दिला. त्याला सोडून जाणे म्यूरला पटेना, तोही थांबला.

शिखराजवळ जमिनीतून गंधकाची वाफ येत होती. तेथील कढत चिखलात दोघे उताणे पडले. पाठ भाजत होती, वरून अंग गोठत होते. म्यूरच्या अंगात कोटही नव्हता. जागे राहण्यासाठी ते एकमेकांना हाका मारीत होते. सकाळी गोठलेल्या कपड्यांनिशी ते खाली उतरले. म्यूरच्या पायांना हिमदंश झाला होता.

पुढे त्याच्या लेखनामुळे १८९० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान होण्यास मोठी मदत झाली. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या सिएरा क्लबचा तो पहिला अध्यक्ष. हेचहेची दरी धरणापासून वाचवण्याचा लढा मात्र १९१३ मध्ये तो हरला आणि १९१४ मध्ये वारला.

म्यूरला सारे एकांताचा भक्त म्हणून ओळखतात. मला त्याची ती रात्र अधिक मोलाची वाटते. संकट ओढवले ते त्याच्याच हट्टाने. पण त्यातून एकट्याने निसटण्याचा विचार त्याने केला नाही. मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण शिकून घराच्या पुढे निघालो आहोत. वाटेत ज्यांचे पाय अडतील, त्यांच्यासाठी आपण थांबू का, हे मी स्वतःलाच विचारतो आहे.