दादासाहेब फाळके आणि आपले कलाभवन

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की नाशिककर त्र्यंबकेश्वर सांगतात, मुंबईकर दादर-गिरगाव सांगतात. आम्ही बडोदेकर मात्र बहुधा गप्प बसतो. वास्तविक ज्या हातांनी पुढे हिंदुस्थानातला पहिला कथापट धुतला, त्या हातांना रसायनांची सवय लागली ती आपल्या बडोद्यात. सभासदांच्या मुलानातवंडांना हे माहीत असावे, म्हणून हा लेख.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले. धुंडिराजांनी १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले आणि तिथून ते बडोद्यास आले, कारण थोरले बंधू शिवरामपंत इथे नोकरीस होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. आज जिथे विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे तीच ही संस्था. मुख्याध्यापक होते प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर, सुरतेचे, रसायनशास्त्राचे जाणकार. चित्रकला शिकलेल्या या तरुणाला फोटोग्राफीचे वेड लागले आहे हे गज्जरांनी ओळखले. त्यांनी फाळक्यांना तीनरंगी ठसे करण्याची विद्या शिकायला रतलामला पाठवले आणि १८९३ मध्ये कलाभवनाचा फोटो स्टुडिओ व प्रयोगशाळा त्यांना वापरायला दिली. होतकरू माणसाला असे मोकळे रान देणारा वरिष्ठ मिळणे किती दुर्मिळ, हे ज्यांनी सरकारी किंवा बँकेची नोकरी केली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आता त्या प्रयोगशाळेत काय चालत असे, ते जरा सविस्तर सांगतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, तेव्हा हिशेबाच्या भाषेतच सांगू.

मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की थोड्या वेळात त्यावर तांब्याचा लालसर थर बसतो. शाळेत आपण सर्वांनी हे पाहिले आहे. लोखंड इलेक्ट्रॉन सोडते, पाण्यातले तांबे ते घेते. कोणता पदार्थ इलेक्ट्रॉन सोडायला किती तयार आणि कोणता घ्यायला किती उत्सुक, याचे माप म्हणजे इलेक्ट्रोडचा विभव, आणि तो व्होल्टमध्ये सांगतात. जस्ताचा उणे ०.७६, तांब्याचा अधिक ०.३४, चांदीचा अधिक ०.८०. जस्त आणि तांबे आपापल्या क्षारांच्या द्रावणात ठेवून तारेने जोडले की दोहोंतला फरक, म्हणजे १.१० व्होल्ट, विजेच्या रूपाने हाती येतो. डॅनियलचा विद्युतघट तो हाच. एकाच्या नावे पडल्याशिवाय दुसऱ्याच्या खाती जमा होत नाही, हा नियम इथेही चुकत नाही.

छपाईचा हाफटोन ठसा याच हिशेबावर तयार होई. छायाचित्र काचेच्या बारीक जाळीतून घेऊन त्याचे ठिपके करायचे. तांब्याच्या पत्र्यावर बायक्रोमेट मिसळलेल्या सरसाचा थर द्यायचा आणि त्यावर निगेटिव्हमधून प्रकाश पाडायचा. जिथे प्रकाश पडेल तिथला सरस घट्ट होतो, बाकीचा पाण्याने निघून जातो. मग पत्रा तापवायचा, म्हणजे राहिलेले ठिपके मिन्यासारखे कडक होतात. शेवटी पत्रा फेरिक क्लोराइडच्या तबकात सोडायचा. या द्रावणातल्या लोखंडाने तीन इलेक्ट्रॉन आधीच गमावलेले असतात. त्याचा विभव ०.७७, तांब्याहून वरचा. म्हणून ते उघड्या तांब्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते. तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरतो आणि लोखंडाच्या दोन आयनांच्या खाती एकेक जमा होतो. ठिपक्यांखालचे तांबे शाबूत राहते, भोवतालचे खोल जाते. तार नाही, दिवा नाही, पण घटातला व्यवहार पत्र्याच्या पृष्ठभागावर जसाच्या तसा चालतो. द्रावण किती दाट, किती गरम, पत्रा किती मिनिटे ठेवायचा, हे सारे हाताने आणि नजरेने ठरवायचे. मिनिटभर जास्त झाले तर ठिपका बुडापासून पोखरला जाई आणि ठसा वाया.

हे काम करणारा माणूस तापट असून चालत नाही. फाळके स्वभावाने तापट होते म्हणतात, तबकापाशी नसावेत.

संसाराने मात्र त्यांना जपले नाही. बडोदे सोडून ते गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून गेले. तिथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही गेले. परत बडोद्यास येऊन धंदा मांडला, तर कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो अशी लोकांची समजूत. गिऱ्हाईक येईना. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोगही शिकले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला, त्या सरस्वतीबाई. काही काळ पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छापखाना. ज्या राजा रविवर्म्यांची चित्रे आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात आहेत, त्यांच्या छापखान्याचे काम फाळके करीत. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनीलाही गेले.

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि कृष्ण-रामांच्या कथा पडद्यावर आणायच्याच असे मनाने घेतले. रात्रंदिवस प्रयोग करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. उपचाराने दृष्टी परत आली. तेव्हा बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजारांचे कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. कर्जे मंजूर करण्यात आमची हयात गेली. तारण सोडले तर या अर्जात मंजूर करण्यासारखे काही नव्हते, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो.

लंडनहून ते विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र घेऊन आले. पुढचा सगळा कारखाना राहत्या घरात. फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात चांदीचे मोजके अणू मोकळे होतात, डोळ्यांना न दिसणारे. डेव्हलपर त्या ठिपक्याला इलेक्ट्रॉन पुरवतो आणि कणातली चांदी ते घेऊन तिथेच साचते. म्हणजे चांदीचा तो ठिपका इवलासा इलेक्ट्रोडच झाला. जिथे ठिपका नाही तिथे देवाणघेवाण फार मंद, म्हणून चित्र उमटते. पण डेव्हलपर गरम झाला तर हा भेद पुसट होतो, सारी फिल्म काळवंडते आणि जिलेटिनही मऊ पडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काय दिव्य असेल! ठशांच्या तबकांवर वीस वर्षे घालवलेला माणूसच ते करू जाणे.

आणि त्या काळोखात ते एकटे नव्हते. रसायने मिसळायची, कोऱ्या फिल्मला रात्री बसून भोके पाडायची, ही कामे सरस्वतीबाईंनी शिकून घेतली. दागिने तर त्यांनी आधीच दिले होते. शिवाय चित्रपटात काम करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्याच करीत.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट, आणि त्यातला फूट न् फूट घरी धुतलेला. पुढे ‘लंकादहन’, मग नाशिकची हिंदुस्थान फिल्म कंपनी, भागीदारांशी मतभेद, आणि १९३७ मध्ये शेवटचा ‘गंगावतरण’. तोवर बोलपट आले होते आणि काम कारखान्यांच्या हाती गेले होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेब वारले, तेव्हा त्यांची फारशी कोणी दखल घेतली नाही.