जेम्स चॅडविक

न्यूट्रॉनचा शोध : जेम्स चॅडविक, १९३२. एवढी एक ओळ आपली मुले परीक्षेसाठी पाठ करतात.

चॅडविक यांचा जन्म २० ऑक्टोबर १८९१ रोजी इंग्लंडमधील बॉलिंग्टन येथे गरीब घरात झाला. स्वभाव कमालीचा लाजाळू. मँचेस्टर विद्यापीठात शिकायचे होते गणित, पण चुकून मुलाखत झाली पदार्थविज्ञानाची आणि चूक सांगण्याचा धीर काही झाला नाही ! तेथेच त्यांना रुदरफर्ड हे गुरू लाभले. १९१३ साली ते शिष्यवृत्तीवर बर्लिनला गेले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना रूलेबेनच्या छावणीत, घोड्यांच्या तबेल्यात, चार वर्षे काढावी लागली. प्रयोगासाठी किरणोत्सारी पदार्थ कोठून आणणार ? तेव्हा जर्मनीत थोरियम घातलेली टूथपेस्ट विकत मिळे. त्यांनी तीच वापरली.

पुढे केंब्रिजला आले. पोलोनियममधून निघणारे अल्फा कण बेरिलियमवर आदळले की एक अनोळखी किरण बाहेर पडत असे. त्याचे स्वरूप ओळखायचे तर पोलोनियम भरपूर हवे. पण ते टिकत नाही. त्याचे अर्धायुष्य १३८ दिवस. वर्गात मी ज्वारीच्या कणगीचे उदाहरण देतो : दर १३८ दिवसांनी कणगीत असेल त्याच्या निम्मेच उरते. बेरिलियम जवळजवळ जसेच्या तसे राहते, पण अल्फा कण घटले की न्यूट्रॉनही त्याच प्रमाणात घटतात. वर्षाअखेरीस जेमतेम सहावा हिस्सा ! म्हणून अशा उगमाची जुनी नोंद आजच्या हिशेबात तशीच धरता येत नाही.

हे पोलोनियम आले कोठून ? कर्करोगाच्या उपचारासाठी रुग्णालये काचेच्या नळ्यांत रेडॉन वायू भरत. त्याचे अर्धायुष्य चारच दिवसांचे. काही आठवड्यांत नळी निकामी. पण रेडॉनचा ऱ्हास होता होता आत २२ वर्षे अर्धायुष्याचे किरणोत्सारी शिसे साठते आणि त्यातून पोलोनियम तयार होत राहते. बाल्टिमोरच्या केली रुग्णालयातील अशा टाकाऊ नळ्या सहकारी फेदर यांनी आणल्या. फेब्रुवारी १९३२ मध्ये थोड्याच दिवसांच्या अखंड परिश्रमाने चॅडविक यांनी दाखवून दिले की, तो किरण म्हणजे प्रोटॉनएवढ्याच वस्तुमानाचा, विद्युतभार नसलेला कण आहे. १९३५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईचे होमी भाभा त्या वेळी केंब्रिजमध्येच शिकत होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. तिची साखळी चालते ती न्यूट्रॉनवरच. आता उगमासाठी अमेरिशियमही वापरतात. त्याचे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे, त्यामुळे उगमाची शक्ती वर्षानुवर्षे फारशी ढळत नाही.

२४ जुलै १९७४ रोजी चॅडविक यांचे निधन झाले. त्या फेब्रुवारीतले पोलोनियम तोवर केव्हाच साधे शिसे होऊन गेले होते.