बार्कले स्ट्रीटवरील चर्च आणि पियेर तूसाँ

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोंकास, जेथें एके काळीं सारें शहरच सामावलेलें होतें, तेथें बार्कले स्ट्रीट व चर्च स्ट्रीट ह्या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर करड्या दगडाचें एक चर्च उभें आहे. दर्शनी बाजूस ग्रीक पद्धतीचे सहा उंच खांब आहेत, आणि भोंवतालीं आतां इतक्या उत्तुंग इमारती झाल्या आहेत कीं ते खांबही ठेंगणे वाटावे. हें संत पेत्राचें चर्च होय. त्या राज्यांतील कॅथॉलिक लोकांचें हें सर्वांत जुनें धर्मस्थान. तेथें राजे आले नाहींत, तेथें कोणता मोठा चमत्कार घडल्याची प्रसिद्धीही नाहीं. परंतु अर्धशतकाहून अधिक काळ रोज पहाटे सहाच्या मिस्सेस त्या कोपऱ्यावर एक काळा मनुष्य येत असे, आणि त्या मनुष्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रथम चर्चविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. इंग्रजांच्या अमलांत, 1700 सालच्या कायद्यानें, न्यूयॉर्क वसाहतींत कॅथॉलिक धर्मगुरूनें पाऊल ठेवल्यास त्यास जन्मठेप सांगितली होती. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर 1784 त तो कायदा रद्द झाला, आणि लगेच पुढच्या वर्षीं येथील मूठभर कॅथॉलिकांनीं चर्च बांधावयास घेतलें. जागा मिळाली ती ट्रिनिटी चर्चकडून, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांकडून! स्पेनचा राजा तिसरा चार्लस ह्यानें एक हजार डॉलर दिले, त्याच्या वकिलानें कोनशिला बसविली, आणि 4 नोव्हेंबर 1786 रोजीं पहिली मिस्सा झाली. मेक्सिकोच्या आर्चबिशपांनीं होझे वायेहो ह्या चित्रकाराचें क्रूसारोहणाचें एक भव्य चित्र पाठविलें. 14 मार्च 1805 रोजीं एलिझाबेथ सीटन ह्या विधवा बाईंनीं ह्याच चर्चमध्यें कॅथॉलिक धर्म स्वीकारला. त्यांनीं पुढें धर्मभगिनींचा संघ स्थापिला, आणि 1975 त त्यांस संतपद मिळालें. गरीब मुलांसाठीं मोफत शाळा 1800 सालींच ह्या चर्चनें उघडली होती. येथें येणारे लोक बहुतेक गरीब: आयरिश मजूर, खलाशी, फ्रेंच निर्वासित, आणि त्या निर्वासितांबरोबर आलेले त्यांचे गुलाम. पियेर तूसाँ त्या शेवटच्या वर्गापैकीं.

त्यांचा जन्म अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सांदोमिंग येथें, म्हणजे आजच्या हैती देशांत, झाला. तेव्हां ती फ्रान्सची वसाहत होती, आणि साखर व कॉफी ह्यांच्या मळ्यांवर लक्षावधि आफ्रिकन गुलाम राबत. बेरार नांवाच्या फ्रेंच मळेवाल्याच्या घरीं (वऱ्हाडाशीं ह्या नांवाचा कांहीं संबंध नाहीं) पियेर यांची आजी व आई दोघी दासी होत्या. मूलही अर्थातच धन्याच्या मालकीचें. इतकें खरें कीं, ह्या मुलास मळ्यावर न पाठवितां घरांत ठेवलें गेलें, लिहावयास वाचावयास शिकविलें गेलें, आणि धन्याची पुस्तकें हाताळण्याची त्यास मुभा मिळाली. गुलामगिरींतला हा सौम्य प्रकार म्हणावा. पण सौम्य पिंजराही पिंजराच.

वसाहतींत बंडाळीचीं चिन्हें दिसूं लागलीं तेव्हां तरुण धनी जां-जाक बेरार हा पत्नी व कांहीं दास बरोबर घेऊन न्यूयॉर्कास आला. त्यांत पियेर व त्यांची बहीण रोझली हीं होतीं. धन्यानें पियेर यांस एका केशरचनाकाराच्या हाताखालीं काम शिकावयास ठेवलें, आणि आपण मालमत्तेची व्यवस्था पाहण्यास परत गेला. तेथेंच तो आजारानें वारला. मळा गेला. न्यूयॉर्कांतील ज्या पेढींत त्याचा पैसा होता ती पेढीही बुडाली. परक्या शहरांत एक तरुण विधवा, डोक्यावर देणें, आणि जवळ माणूस म्हणजे एक गुलाम, एवढेंच उरलें.

येथें आपण क्षणभर थांबलें पाहिजे. ह्या वेळीं पियेर यांच्या हातांत असा धंदा आला होता कीं ज्याची शहरांत फार चणचण होती. त्या काळच्या श्रीमंत स्त्रिया केसांचे उंच मनोरे रचीत. त्यांत गाद्या भरावयाच्या, पावडर लावावयाची, फुलें व फिती गुंफावयाच्या, आणि हें सर्व करण्यास तास तास लागत. ज्याचा हात ह्या कामीं हलका त्यास मागेल तें वेतन मिळे. जनरल स्कायलर ह्यांच्या घराण्यांतील स्त्रियांसारख्या मोठमोठ्या कुटुंबांतील बायका पियेर यांच्याकडूनच केस बांधवून घेऊं लागल्या. अशी कमाई करणारा दास स्वतःची किंमत मोजून मोकळा होऊं शकला असता. त्यांनीं तसें केलें नाहीं. घराचें भाडें, वाणसामान, धनीणीचें देणें, हें सारें ते मुकाट्यानें भागवूं लागले. सांगतात कीं, धनीणीनें एकदां आपले दागिने विकून चाळीस डॉलरांचें देणें फेडावयास त्यांस सांगितलें. थोड्या दिवसांनीं त्यांनीं तिच्यापुढें दोन पुडकीं ठेवलीं, एकांत पैसे आणि दुसऱ्यांत तेच दागिने. संध्याकाळीं कोणी पाहुणे येणार असले म्हणजे खाऊ आणावयाचा, तिचे केस बांधून त्यांत एखादें ताजें फूल खोंवावयाचें, हेंही ते करीत, कारण तिला आपल्या दैन्याची आठवण होऊं नये.

ह्या वागण्याविषयीं अलीकडे पुष्कळ वाद झाला आहे. गुलामानें आपल्या मालकिणीस पोसावें हा कसला आदर्श, असें कित्येक विचारतात, आणि त्यांत सर्वांत पुढें त्यांच्याच वंशाचे कांहीं लोक आहेत. हा प्रश्न अयोग्य नाहीं. सांदोमिंगांत त्याच सुमारास गुलामांनीं शस्त्र उचलून आपलें स्वातंत्र्य मिळविलें, आणि 1804 त हैतीचें राज्य स्थापिलें. त्यांच्या पराक्रमापुढें एका न्हाव्याची सेवा कोणास फिकी वाटल्यास नवल नाहीं. तथापि आमच्या मतें ह्या दोन गोष्टी एका तराजूंत तोलूं नयेत. पियेर यांनीं गुलामगिरीस बरें म्हटलें नाहीं. ज्यांची ते सोडवणूक करूं शकले त्यांची त्यांनीं केली. जी स्त्री कायद्यानें त्यांची मालकीण होती ती वस्तुतः निराधार झाली होती, आणि निराधार माणसाला टाकून जाणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. पहाटेच्या त्या चर्चमध्यें ते काय मागत असत हें कोणी ऐकलेलें नाहीं. पण तेथून निघून ते कोठें जात हें सर्व शहरानें पाहिलें.

धनीणीनें पुढें निकोला नांवाच्या एका निर्वासिताशीं पुनर्विवाह केला. 1807 सालीं मरणसमयीं तिनें पियेर यांस मुक्त केलें. न्यूयॉर्क राज्यांत सरसकट सर्व गुलामांस मुक्ति मिळावयास त्यानंतर वीस वर्षें लागलीं. तो दिवस 4 जुलै 1827 चा. पियेर यांनीं आपल्या कमाईंतून बहीण रोझली हिचें स्वातंत्र्य विकत घेतलें, तसेंच जूलिएत नोएल ह्या तरुणीचेंही. ह्याच जूलिएतशीं 1811 त त्यांचा विवाह झाला.

त्यांना मूल झालें नाहीं. रोझली क्षयानें वारली तेव्हां तिची तान्ही मुलगी यूफेमी ह्या पतिपत्नींनीं आपली म्हणून वाढविली. मूल अत्यंत अशक्त. मामा तिला कडेवर घेऊन मोकळ्या हवेंत फिरावयास नेत. ती लिहूं लागली तेव्हां दर आठवड्यास तिनें मामांस एक पत्र लिहावें असा नेम घातला. तीं पत्रें फ्रेंच व इंग्रजी दोन्ही भाषांत आहेत, आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत मामांच्या कागदपत्रांत आजही जतन केलेलीं आहेत. 1829 त, अवघ्या चौदाव्या वर्षीं, आईच्याच रोगानें ती गेली. ह्या आघातानें ते कित्येक दिवस कोणाशीं बोलत नसत.

त्यांचा दिवस असा असे. पहाटे सहा वाजतां मिस्सा. मग घरोघरीं काम, रात्रीपर्यंत. भाड्याच्या गाड्यांत काळ्या माणसास बसूं देत नसत, म्हणून सारें अंतर पायीं. कामावरून फुरसत मिळाली कीं आजारी, कर्जबाजारी, नोकरी शोधणारे, ह्यांच्या घरीं फेरी. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरीं ते कधीं नेत नसत, आणि त्या धंद्यांत ही किती दुर्मिळ गोष्ट आहे हें पालकवर्गास सांगावयास नको! त्यामुळेंच श्रीमंत स्त्रिया त्यांच्यापाशीं मन मोकळें करीत, आणि ते अनाथाश्रमासाठीं झोळी पुढें करीत तेव्हां ती रिकामी राहत नसे. एलिझाबेथ सीटन यांच्या धर्मभगिनींनीं 1817 त जो अनाथाश्रम चालविण्यास घेतला त्यास त्यांची मदत सतत होती. पीतज्वराच्या सांथींत लोक घरेंदारें सोडून पळत. वस्त्या अडसर घालून बंद केल्या जात. ते अडसर ओलांडून आंत जात व टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा करीत. त्यांच्या स्वतःच्या घरीं निराधार काळीं मुलें आश्रयास असत. जूलिएत त्यांस जेवूं घाली, आणि पियेर त्यांस एखादा धंदा लावून देत.

1835 च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या व्यापारी भागांत प्रचंड आग लागली. तींत विमा कंपन्या बुडाल्या व त्यांबरोबर त्यांची बहुतेक शिल्लकही गेली. मित्रांनीं वर्गणी जमविण्याचें ठरविलें. त्यांनीं ती घेण्याचें साफ नाकारलें, कारण त्यांच्या मतें गरजू लोक दुसरे होते. म्हातारपणीं कोणी सुचविलें कीं आतां धंदा सोडावा, तेव्हां स्वतःपुरतें पुष्कळ आहे, पण काम सोडल्यास इतरांस देण्यापुरतें उरणार नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिल्याचें प्रसिद्ध आहे.

एक प्रसंग मात्र वगळतां येत नाहीं. 1842 त ते पत्नीसह शहरांतील जुन्या सेंट पॅट्रिक महामंदिरांत गेले असतां जागा दाखविणाऱ्या गोऱ्या सेवकानें त्यांस रंगामुळें बसूं दिलें नाहीं. मंदिराच्या विश्वस्तांच्या प्रमुखानें नंतर पत्र लिहून क्षमा मागितली, हें त्याला भूषणावह आहे. परंतु ज्या धर्मासाठीं त्यांनीं जन्मभर झिजावें त्याच्याच दारांत हें घडावें, हें लिहितांना लेखणी अडखळते. त्यांनीं धर्म सोडला नाहीं, आणि बार्कले स्ट्रीटवरील पहाटेचा नेमही सोडला नाहीं.

तोंपर्यंत तेथील मूळ चर्च पाडून त्या जागीं आजचें दगडी चर्च झालें होतें. त्याचें बांधकाम 1836 त सुरू झालें. 1851 त जूलिएत वारली, आणि 30 जून 1853 रोजीं पियेर तूसाँ यांनीं देह ठेविला. अंत्यविधि ह्याच चर्चमध्यें झाला. गोरे व काळे, धनिक व भिकारी, सर्व जमले होते. पुढल्याच वर्षीं हॅना ली ह्या बाईंनीं त्यांचें चरित्र बॉस्टनांत प्रसिद्ध केलें. त्या स्वतः प्रॉटेस्टंट होत्या.

ज्या सेंट पॅट्रिकांत त्यांस बसूं दिलें नाहीं, त्याच्याच आवारांत पत्नी व भाची यांच्या शेजारीं त्यांस पुरलें होतें. 1990 सालीं त्यांच्या अस्थि तेथून काढून फिफ्थ अॅव्हेन्यूवरील नव्या सेंट पॅट्रिक महामंदिरांत, मुख्य वेदीखालीं, जेथें न्यूयॉर्कचे आर्चबिशप विसावले आहेत त्या तळघरांत ठेवण्यांत आल्या. 1996 त पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस पूजनीय ही पदवी दिली. संतपदाच्या वाटेवरील ती एक पायरी होय.

बार्कले स्ट्रीटवरील चर्चवर 11 सप्टेंबर 2001 रोजीं, जवळचे जुळे मनोरे पाडले गेले त्या सकाळीं, एका विमानाच्या चाकांचा तुकडा छप्परावर येऊन आदळला. अग्निशामक दलाचे धर्मगुरू फादर मायकल जज त्या दिवशीं कर्तव्यावर असतां मरण पावले. त्यांचा देह उचलून दलाच्या माणसांनीं प्रथम ह्याच चर्चमध्यें आणला, आणि वेदीसमोर ठेवला.