शियाळी रामामृत रंगनाथन : पदाकडून शास्त्राकडे

वाङ्मयाच्या अभ्यासकाला ग्रंथालय रोज लागते. ग्रंथालयशास्त्राचा विचार मात्र तो क्वचितच करतो. ग्रंथ फडताळात विशिष्ट जागीच का असतो, एका कवीच्या संग्रहाशेजारी दुसऱ्या कोणत्या कवीचा संग्रह येतो, या वरवर व्यवस्थापकीय वाटणाऱ्या प्रश्नांमागे साहित्यविषयक एक भूमिका असते. भारतात या प्रश्नांना शास्त्राचे अधिष्ठान मिळवून दिले ते शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२-१९७२) यांनी. अनिच्छेने स्वीकारलेल्या एका पदाचे त्यांनी विद्याशाखेत रूपांतर कसे केले आणि त्या विद्याशाखेचे साहित्याभ्यासाशी कोणते नाते आहे, एवढ्याच मर्यादित दृष्टीने प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राकडे पाहावयाचे आहे.

रंगनाथन यांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील तंजावर जिल्ह्यात, शियाळी या गावी झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून त्यांनी गणित विषयात बी.ए. (१९१३) व एम.ए. (१९१६) या पदव्या संपादन केल्या. तेथील गणिताचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना ते आयुष्यभर गुरुस्थानी मानीत. पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन १९१७ पासून मंगळूर, कोईमतूर आणि मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे त्यांनी गणिताचे अध्यापन केले. विद्यार्थ्यांत रमणारा शिक्षक ही त्यांची त्या काळातील ओळख होती.

मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद निर्माण केले तेव्हा त्या कामाचे कोणतेही शिक्षण रंगनाथन यांच्याजवळ नव्हते. अध्यापकाच्या तुटपुंज्या वेतनापेक्षा येथील वेतन बरे होते आणि स्नेह्यांचा आग्रहही होता. जानेवारी १९२४ मध्ये ते या पदावर रुजू झाले. परंतु वर्गातील चैतन्याची सवय असलेल्या या शिक्षकाला ग्रंथालयातील निर्जन शांतता असह्य झाली. थोड्याच दिवसांत ते जुन्या महाविद्यालयात परत घ्यावे अशी विनंती करण्यास गेले. इंग्लंडमधील प्रशिक्षण पूर्ण करावे आणि त्यानंतरही मन रमले नाही तर परत यावे, अशी तडजोड त्यांच्यासमोर ठेवण्यात आली. त्यांच्या जीवनाला वळण मिळाले ते या तडजोडीमुळे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रंथालयविद्यालयात डब्ल्यू. सी. बेरविक सेयर्स हे वर्गीकरण शिकवीत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रंगनाथन यांनी सिद्धान्त अभ्यासला आणि इंग्लंडमधील शंभरावर ग्रंथालये प्रत्यक्ष पाहिली. या भेटींत त्यांना दोन गोष्टी जाणवल्या. सार्वजनिक ग्रंथालय समाजाच्या सर्व थरांतील माणसांना किती उपयोगी पडू शकते, ही पहिली. या व्यवसायातील पद्धती अनुभवावर उभ्या आहेत, त्यांना जोडणारी तत्त्वे कोणी शोधलेली नाहीत, ही दुसरी. पहिल्या जाणिवेतून त्यांचे सामाजिक कार्य उभे राहिले, तर दुसरीतून त्यांचे शास्त्र.

प्रचलित वर्गीकरणपद्धतीत प्रत्येक विषयाला आधीच ठरविलेले घर असे. नवा वा मिश्र विषय आला की अडचण होई. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याचे मोजकेच सुटे भाग निरनिराळ्या रीतींनी जोडून अनेक वस्तू तयार करता येत. विषयही असेच सुट्या घटकांतून जोडता येतील, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. १९२५ मध्ये मायदेशी परतताना सागरप्रवासातच त्यांनी तिचा आराखडा बांधण्यास प्रारंभ केला. घटक जोडण्यासाठी त्यांनी द्विबिंदूचे चिन्ह योजले. १९३३ मध्ये ही द्विबिंदू वर्गीकरणपद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी, १९३१ मध्ये, ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला होता. ग्रंथाचे सार्थक त्याच्या वापरात आहे. वाचकाला त्याचा ग्रंथ आणि ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी संस्था आहे, असा त्या सूत्रांचा आशय. या विधानांतून ग्रंथालयाचा प्रत्येक नियम तपासता येतो, यात गणितज्ञाची शिस्त दिसते.

सिद्धान्ताला संस्थेची जोड हवी, हे रंगनाथन यांनी ओळखले होते. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला. १९२९ मध्ये ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू झाले. १९३१ मध्ये मन्नारगुडी परिसरात बैलगाडीतून गावोगाव ग्रंथ नेण्याचा प्रयोग झाला. १९४८ च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामागे त्यांचा दीर्घ पाठपुरावा होता. ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर असावा, हा त्यांच्या विचारातील महत्त्वाचा भाग. महाराष्ट्राने १९६७ मध्ये ग्रंथालय कायदा केला तो मात्र उपकर वगळून, संस्थांच्या ग्रंथालयांना अनुदान देण्याच्या तत्त्वावर. आपल्याकडील वाचनालयांच्या आर्थिक स्थितीचा विचार करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

वीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांनी मद्रास सोडले. काशी हिंदू विद्यापीठात (१९४५-४७) सुमारे एक लाख ग्रंथांच्या वर्गीकरणाचे काम त्यांनी केले. दिल्ली विद्यापीठात (१९४७-५५) ग्रंथालयशास्त्राला पदव्युत्तर अध्ययनाची व संशोधनाची प्रतिष्ठा मिळाली. या विषयातील भारतातील पहिली पीएच्.डी. १९५७ मध्ये त्याच विद्यापीठाने दिली. त्याच सुमारास रंगनाथन यांनी आपल्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला देऊन पत्नी शारदा यांच्या नावे अध्यासन स्थापन केले. १९६२ मध्ये बंगलोर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगलोर येथे त्यांचे निधन झाले.

साहित्याच्या अभ्यासकाला द्विबिंदू पद्धतीतील साहित्यवर्ग विशेष विचार करण्याजोगा वाटेल. तेथे ग्रंथाची जागा चार घटकांनी ठरते : भाषा, वाङ्मयप्रकार, ग्रंथकार आणि कृती. ग्रंथकार दर्शविला जातो तो त्याच्या जन्मवर्षाने. मराठी कवितेच्या फडताळात केशवसुत (१८६६), गोविंदाग्रज (१८८५), बालकवी (१८९०) असा क्रम आपोआप लागतो आणि कवीवरील समीक्षा त्याच्या कवितेलगतच येते. आद्याक्षराच्या क्रमाऐवजी येथे वाङ्मयेतिहासाचा क्रम मिळतो. चंपू या प्रकाराला स्वतंत्र स्थान देऊन रंगनाथन यांनी भारतीय साहित्यपरंपरेचीही दखल घेतली आहे.

परंतु याच ठिकाणी पद्धतीच्या मर्यादाही उघड होतात. प्रकार आधी व ग्रंथकार नंतर असल्यामुळे राम गणेश गडकरी यांची नाटके आणि त्यांनीच गोविंदाग्रज या नावाने लिहिलेली कविता एकमेकींपासून दुरावतात. तुकारामांचे जन्मवर्षच वादग्रस्त असेल तर त्यांची जागा कोणत्या आधारावर ठरवावी? जात्यावरच्या ओवीला कर्ता कोणता द्यावा? बखर इतिहासात ठेवावी की गद्य साहित्यात? हे प्रश्न ग्रंथपालाने एकट्याने सोडवावयाचे नाहीत. ते मराठी वाङ्मयेतिहासाचेच प्रश्न आहेत.

व्यवहारात दशांश पद्धतीच अधिक रूढ राहिली. द्विबिंदू पद्धतीची चिन्हे क्लिष्ट होती आणि आवृत्तीगणिक बदलत गेली. सामान्य वाचकाचा वेळ वाचविण्याचे सूत्र मांडणाऱ्यानेच अशी दुर्बोध चिन्हव्यवस्था निर्माण करावी, हा त्यांच्या कार्यातील अंतर्विरोध नजरेआड करता येत नाही. तथापि विषयाचे घटकांत विश्लेषण करण्याचे त्यांचे तत्त्व पद्धतीहून दीर्घायुषी ठरले. इंग्लंडमधील वर्गीकरण संशोधकांनी ते स्वीकारून पुढे नेले आणि संगणकीय माहितीशोधातही त्याचा उपयोग झाला.

सूचिकार्य हे कारकुनी काम आहे, असा एक समज आपल्या विभागांतून आढळतो. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’वाचून एकोणिसाव्या शतकावरील किती प्रबंध उभे राहिले असते, याचा विचार केला तर हा समज टिकत नाही. रंगनाथन यांना मिळालेले पदही प्रारंभी कारकुनीचेच मानले जात होते. त्या कामात कोणते प्रश्न दडले आहेत हे त्यांनी विचारले आणि उत्तरे पद्धतशीरपणे मांडली. त्यांच्या कारकिर्दीचा पाया एवढाच आहे. वाङ्मयाच्या तरुण संशोधकाने आपल्या ग्रंथालयातील तालिकेकडे याच दृष्टीने पाहिले, तर तेथेही त्याला संशोधनाचे विषय सापडतील.