‘स्टुडंट’ : दाण्याचा हिशेब मांडणारा संख्याशास्त्रज्ञ

इंग्लंड-अमेरिकेत घरच्या घरी बीअर तयार करण्याचा छंद जोपासणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांची सुरुवात बहुधा माल्टच्या तयार अर्काने होते. डब्यातला दाट पाक पाण्यात विरघळवायचा, त्यात हॉप्स घालून उकळायचे आणि थंड झाल्यावर यीस्ट मिसळायचे. त्या पाकात शर्करा किती, हे कारखान्याने आधीच ठरवून दिलेले असते. पुढे कधीतरी या छंदिष्टाला वाटू लागते, की आपण थेट धान्यापासून सुरुवात करावी. मग भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवावी लागते. दाण्यातील विकरे पिष्टाची शर्करा करतात आणि तो गोड द्रव निथळून घेतला जातो. पहिल्या प्रयत्नात उतरलेली शर्करा आणि कागदावरची अपेक्षा यांचा मेळ क्वचितच बसतो. दाणा वेगळा, भरड वेगळी, पाण्याची उष्णताही कमीजास्त. दुसऱ्या कुणी करून ठेवलेला हिशेब आता स्वतःलाच करावा लागतो आणि एकदोन प्रयोगांवरून नेमका किती निष्कर्ष काढावा, या प्रश्नाशी मन अडखळते.

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी डब्लिनमध्ये, तेव्हा जगातील सर्वांत मोठी गणल्या जाणाऱ्या गिनेसच्या ब्रूअरीत, एका तरुण रसायनतज्ज्ञापुढे उभा राहिला. त्याने शोधलेल्या उत्तरावर पुढे औषधांच्या चाचण्यांपासून शेतीच्या प्रयोगांपर्यंत अनेक शास्त्रांचा व्यवहार उभा राहिला. त्याचे नाव विल्यम सिली गॉसेट. मात्र जग त्याला ‘स्टुडंट’ या टोपणनावानेच ओळखते.

गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. वडील लष्कराच्या अभियांत्रिकी दलात कर्नल होते. मुलानेही तोच मार्ग धरावा असे घरात ठरलेले होते, पण अधू दृष्टीमुळे ते जमले नाही. विंचेस्टर आणि नंतर ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. गणित आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांत त्यांनी प्रथम श्रेणी मिळवली. ऑक्सफर्ड-केंब्रिजमधील विज्ञानाच्या हुशार पदवीधरांना ब्रूअर म्हणून नेमण्याचे धोरण गिनेसने त्यापूर्वी काही वर्षे स्वीकारले होते. त्या धोरणानुसार १८९९ मध्ये गॉसेट डब्लिनला दाखल झाले आणि अखेरपर्यंत त्याच कंपनीत राहिले.

पिढ्यान्‌पिढ्या ब्रूअरचे काम नजर, वास आणि हाताच्या अंदाजावर चालत आले होते. हॉप्स चुरगळून हुंगायचे, बार्लीचा दाणा दाताखाली फोडून पाहायचा, अशी ती परंपरा. उत्पादन अवाढव्य झाल्यावर मात्र या अंदाजाला मर्यादा पडू लागल्या. ठरावीक वजनाच्या माल्टमधून अर्क किती उतरतो, यावर बीअरची चव, तिचे टिकणे आणि तिच्यावर भरावा लागणारा करही अवलंबून असे. गिनेसच्या मापाने १६८ पौंड माल्टमागे १३३ अंश ही अपेक्षित पातळी होती आणि अर्ध्या अंशाचा फरक चालवून घेता येण्याजोगा होता. अडचण अशी, की एकाच माल्टच्या दोन चाचण्याही सारखे उत्तर देत नसत. चाचण्या वाढवाव्यात तर वेळ आणि पैसा खर्च होई. कमी कराव्यात तर विश्वास कशावर ठेवायचा, हे कळत नसे.

गॉसेट यांनी हा प्रश्न व्यापाऱ्याच्या व्यवहारी बुद्धीने आणि गणितज्ञाच्या काटेकोरपणाने हाताळला. त्यांच्या हिशेबानुसार, दोन चाचण्यांची सरासरी घेतली तर पाचपैकी चार वेळा चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते. तीन चाचण्या घेतल्यास आठपैकी सात वेळा, चार घेतल्यास तेरापैकी बारा वेळा आणि पाच घेतल्यास वीसपैकी एकोणीस वेळा. जवळजवळ पूर्ण खात्री हवी असेल तर मात्र ब्याऐंशी चाचण्या कराव्या लागतील. ब्रूअरीला अकरापैकी दहा वेळा बरोबर येणे पुरेसे होते, म्हणजे चार चाचण्यांवर काम भागत होते. किती खात्री हवी, हे त्या खात्रीची किंमत पाहून ठरवायचे, हा विचार गॉसेट यांनी पुढे कधीच सोडला नाही.

१९०४ मध्ये त्यांनी प्रमादांच्या नियमाचा ब्रूअरीच्या कामात उपयोग कसा करता येईल, यावर कंपनीला अहवाल दिला. त्या काळचे संख्याशास्त्र शेकडो-हजारो नोंदी गृहीत धरून चालत असे. ब्रूअरच्या हाती असत जेमतेम चार-पाच. अहवालाने उपस्थित केलेल्या शंका सोडवण्यासाठी जुलै १९०५ मध्ये ते या विषयातील सर्वांत मोठे अधिकारी कार्ल पिअर्सन यांना भेटले. पिअर्सन सुटीवर खेड्यात राहत होते. गॉसेट तेथे सायकलवरून पोहोचले. या भेटीतून पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत १९०६-०७ मध्ये वर्षभर राहून काम करण्याचा योग आला.

शोध प्रसिद्ध करताना वेगळीच अडचण आली. पूर्वी एका कर्मचाऱ्याच्या लेखनातून धंद्याची गुपिते बाहेर गेल्यामुळे कंपनीने प्रकाशनावर बंदी घातली होती. टोपणनाव घेण्याच्या आणि बीअरचा उल्लेख टाळण्याच्या अटीवर गॉसेट यांना परवानगी मिळाली. ‘स्टुडंट’ या नावाने १९०७ मध्ये त्यांचा पहिला निबंध आला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजताना होणाऱ्या चुकांविषयीचा हा निबंध म्हणजे यीस्टच्या मोजणीतून निघालेले गणित होते. १९०८ मध्ये सरासरीच्या संभाव्य प्रमादावरचा त्यांचा सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. मोजक्या नमुन्यांवरून काढलेली विचलनाची पातळी स्वतःच अविश्वसनीय असते, म्हणून नेहमीचा घंटाकृती वक्र अशा वेळी फसवी खात्री देतो, हे त्यांनी दाखवले आणि लहान नमुन्यांसाठी योग्य वक्र मांडला.

तो पडताळण्यासाठी त्यांनी केलेली खटपट आजच्या संगणकयुगात नवलाची वाटते. तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्या त्यांनी तीन हजार पत्त्यांवर उतरवल्या, पत्ते नीट पिसले आणि चार-चारांचे साडेसातशे गट पाडून प्रत्येक गटाचे गणित केले. उदाहरणासाठी त्यांनी निवडली दहा रुग्णांवरील झोपेच्या औषधांची आकडेवारी. माल्टचा त्यात मागमूस नव्हता.

या निबंधाकडे सुरुवातीला फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. प्रचंड आकडेवारी हाताळणाऱ्या पिअर्सन यांना लहान नमुन्यांचे महत्त्व वाटत नव्हते. महत्त्व ओळखले ते केंब्रिजमधील रोनाल्ड फिशर या तरुणाने. १९१२ मध्ये फिशर यांनी पाठवलेली भूमितीय सिद्धता गॉसेट यांना उमगली नाही. ते त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. पुढे फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथाने ‘स्टुडंट’ची टी-चाचणी जगभर पोहोचवली. पिअर्सन आणि फिशर यांचे वैर सर्वश्रुत होते, पण दोघांशीही स्नेह टिकवणारा माणूस होता गॉसेट.

स्नेह असला तरी मतभेद लपवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. आयर्लंडमध्ये बार्लीच्या वाणांच्या चाचण्यांत त्यांनी अनेक वर्षे काम केले. शेतातील प्रयोगांची आखणी कशी असावी, यावरून त्यांचा फिशर यांच्याशी अखेरपर्यंत वाद चालला. १९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमध्ये वीस हजार शाळकरी मुलांवर दुधाच्या परिणामाचा प्रयोग झाला. कोणत्या मुलांना दूध द्यायचे, यात शिक्षकांना फेरबदल करण्याची मुभा होती. त्यामुळे कृश, गरीब मुलांकडे दूध अधिक गेले असावे आणि तुलनाच बिघडली असावी, हे गॉसेट यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. एकसारख्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या तर कितीतरी कमी खर्चात अधिक खात्रीचे उत्तर मिळाले असते, असे त्यांचे म्हणणे होते.

१९३५ मध्ये लंडनजवळील पार्क रॉयल येथील गिनेसच्या नव्या ब्रूअरीची जबाबदारी घेऊन ते इंग्लंडला परतले. त्याच सुमारास युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे संख्याशास्त्राचे संशोधन करत होते. मायदेशी परतल्यावर, निवडक शेतांतील कापणीवरून पिकाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीला भारतात आकार देण्यात सुखात्मे यांचा मोठा वाटा राहिला. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी हृदयविकाराने गॉसेट यांचे निधन झाले. तेव्हा ते ६१ वर्षांचे होते.

गॉसेट यांची चाचणी आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्यांचा विचार मात्र बराचसा मागे पडला. शंभरात पाच ही मर्यादा ओलांडली की निष्कर्ष खरा, असा यांत्रिक रिवाज अनेक शास्त्रांत रुजला आणि त्याविरुद्ध अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेला २०१६ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. फरक किती मोठा आहे, चुकल्यास काय गमवावे लागेल आणि अधिक खात्रीसाठी किती मोल द्यावे लागेल, हे प्रश्न गॉसेट आधी विचारत असत. घरच्या चुलीवर पहिल्यांदाच दाण्यापासून बीअर करणाऱ्याला ते विचारावे लागतात आणि नव्या औषधाची परीक्षा करणाऱ्या वैद्यकालाही. आकडे थोडे असतील तर त्यांच्याकडून थोडेच वदवून घ्यावे, पण ते थोडे निर्धास्तपणे वापरावे, हा ‘स्टुडंट’ने घालून दिलेला धडा आहे.