रशियाची ओढ लागलेले अण्णाभाऊ

१ ऑगस्टला शाळेत दोन तसबिरींना हार घालतात. एक लोकमान्य टिळकांची आणि दुसरी अण्णाभाऊ साठे यांची. टिळकांवरची भाषणे तुम्ही दरवर्षी पाठ करता. अण्णाभाऊंचे नाव निघाले की मात्र 'थोर साहित्यिक' एवढे म्हणून आपण खाली बसतो. म्हणून या वेळी फलकावर त्यांचीच हकिकत देत आहोत.

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव, तालुका वाळवा. हा भाग आता सांगली जिल्ह्यात आहे. आईचे नाव वालुबाई. वडील मुंबईला साहेब लोकांच्या बंगल्यांवर बागकाम करीत. मातंग समाजात जन्म, त्यामुळे गरिबीच्या जोडीला शिवाशिवही होतीच. शाळेत त्यांचे नाव घातले, पण ती शाळा जेमतेम दीड दिवस चालली असे सांगतात. मास्तरांनी मारले, अपमान केला, आणि पोराने पाटी टाकली ती टाकलीच.

पुढे दुष्काळ पडला. गावात काम नाही, खायला नाही. तेव्हा हे कुटुंब वाटेगावाहून मुंबईला निघाले, ते पायी! मसुऱ्याहून मालवणला चालत जा म्हटले तर आपले पाय आधीच दुखायला लागतात. ही माणसे वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल तिथे निजत घाट उतरून मुंबईला पोचली.

मुंबईत अण्णाभाऊंनी काय नाही केले? हमाली केली, हॉटेलात पोऱ्या म्हणून राबले, सिनेमाच्या दारावर उभे राहिले, गिरणीत काम केले. आणि या धावपळीत ते वाचायला शिकले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची मोठमोठी चित्रे हीच त्यांची अंकलिपी. एक एक अक्षर जुळवीत जायचे आणि अडले की कुणाला तरी विचारायचे. मोठ्या माणसाला अक्षर विचारायला लाज वाटते. त्यांनी ती धरली नाही.

गिरणगावात तेव्हा कामगारांची चळवळ जोरात होती. अण्णाभाऊ कम्युनिस्ट पक्षाचे काम करू लागले. तिथे पुस्तके हाती पडत, दूरदेशीच्या गोष्टी कानावर येत. तिथेच त्यांना मॅक्झिम गॉर्की या रशियन लेखकाची ओळख झाली.

गॉर्कीची थोडी माहिती इथे दिलीच पाहिजे. त्याचे खरे नाव अलेक्सेई पेश्कॉव्ह, जन्म १८६८. आईबाप लहानपणीच गेले. शाळा काही महिन्यांचीच. वोल्गा नदीवरच्या आगबोटीवर तो भांडी घासायचा. त्या बोटीवरच्या आचाऱ्याने त्याला पुस्तकांची गोडी लावली. पुढे लेखक झाल्यावर त्याने गॉर्की हे नाव घेतले. रशियन भाषेत गॉर्की म्हणजे कडू! आता सांगा, मुंबईच्या चाळीतल्या अण्णाभाऊंना हा माणूस आपल्या घरचाच वाटला असेल की नाही? त्यांना रशियन येत नव्हते. गॉर्की त्यांना भेटला तो भाषांतरातून. पण झाडूवाले, हमाल, दरोडेखोर, भटकी माणसे हीसुद्धा पुस्तकात येऊ शकतात, हे त्यांना इथे दिसले. पुढे लोक अण्णाभाऊंनाच महाराष्ट्राचे गॉर्की म्हणू लागले.

त्यांनी पहिले गाणे रचले ते माटुंग्याच्या लेबर कँपात, आणि कशावर? तर डासांवर! कँपात डासांनी उच्छाद मांडला होता. लोक ते गाणे ऐकून हसले, पण डास काही कमी झाले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा वोल्गाकाठच्या स्टालिनग्राड शहरात घुसल्या. घराघरातून लढाई झाली. २ फेब्रुवारी १९४३ ला उरलेले जर्मन सैन्य शरण आले. अण्णाभाऊंनी त्यावर 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. रशिया पाहिलेला नाही, बर्फ पाहिलेला नाही, आणि डफावर थाप मारून वोल्गाकाठची लढाई मराठी कामगारांसमोर उभी केली! १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड घरोघर पोचली. घरचे माणूस गावी ठेवून मुंबईला राहण्याचे दुःख त्यात आहे. ते मसुऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको. ज्यांचो आजो गिरणीत होतो त्यांनी घरी जरूर विचारून बघावे, कदाचित ती ऐकलेली निघेल.

रशिया बघायची इच्छा मात्र बरीच वर्षे मनातच राहिली. खिशात दमडी नाही, मग जाणार कसे? शेवटी १९६१ साली इंडो-सोव्हिएत कल्चरल सोसायटीच्या मार्फत योग आला. दीड दिवसाच्या शाळेचा हा विद्यार्थी विमानात बसला. मॉस्को, लेनिनग्राड ही शहरे त्यांनी पाहिली. बोलायला दुभाष्या लागे, पण त्यांना पाहायची होती ती तिथली साधी माणसे. परत आल्यावर 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले. आता पाहुण्याला यजमान आपले चांगलेच दाखवतो. त्या देशात आधीच्या वर्षांत कितीतरी लेखकांनी तुरुंग भोगला, ते पाहुण्याच्या नजरेस कसे पडणार? तरी पुस्तक मिळाले तर वाचा.

१९५९ साली आलेल्या 'फकिरा' कादंबरीला १९६१ मध्ये राज्य सरकारचे बक्षीस मिळाले. तिसाहून अधिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्यांच्या लिखाणाची रशियन भाषेतही भाषांतरे झाली. पण हातात पैसा टिकला नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत ते राहत. १८ जुलै १९६९ रोजी तिथेच वारले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

२००२ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, लेनिनग्राडचे नाव बदलून पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले. स्टालिनग्राडचे नाव तर ते रशियाला गेले त्याच वर्षी, १९६१ मध्ये, वोल्गोग्राड झाले होते. मॉस्कोत परदेशी भाषांतल्या पुस्तकांचे एक मोठे सरकारी ग्रंथालय आहे. १४ सप्टेंबर २०२२ रोजी तिथे अण्णाभाऊंचा पुतळा बसवला.